नाकावरची जांभळी रेषा

“आणि चुकलास किती वेळा?”

“एकदाही नाही, सर.”

“एकदाही?”

“एकदाही नाही.”

ऐनापुरे सरांनी चष्मा काढला, अ‍ॅप्रनच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला आणि समोर बसलेल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्याकडे नीट पाहिलं.

डॉ. शार्दूल बेडकिहाळ ताठ बसला होता. मिरजेतल्या याच छोट्या रुग्णालयात, याच खोलीत, सरांच्या शिव्या खात तो सुरी धरायला शिकला. मग पुण्याला गेला, मोठ्या रुग्णालयात लागला, नाव झालं. आज इतक्या वर्षांनी तो परत आला होता आणि हात हलवत आला नव्हता. बगलेत संगणक होता, मांडीवर कापलेल्या गाठींच्या काचपट्ट्यांची लाकडी पेटी होती आणि पोटात शाबासकीची भूक होती. ही भूक तो कबूल करणार नव्हता, पण ती नसती तर हैदराबादला डॉक्टरांच्या परिषदेत बोलायचं महिन्यावर आलेलं असताना हा माणूस मिरजेला कशाला येतो?

गुरू आणि शिष्य, दोघांचं काम एकच. कातडीचा कॅन्सर कापून काढायचा.

हा रोग मोठा लबाड. जीव सहसा घेत नाही, पण चेहरा खातो. वर दिसतो तुरीच्या डाळीएवढा, आणि कातडीखाली त्याची मुळं कुठवर गेली आहेत ते बाहेरून कुणालाच दिसत नाही. कमी कापलं तर मूळ मागे राहतं आणि रोग पुन्हा डोकं वर काढतो. जास्त कापलं तर पापणी जाते, ओठ जातो, नाक जातं.

सरांची रीत जुनी होती. आधी एक पातळ चकती काढायची. ती गोठवून, तिचे काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तिचा काठ तपासायचा. जिथे मूळ दिसेल तिथेच, तेवढंच, पुन्हा कापायचं. तोवर पेशंट बाहेरच्या बाकावर पट्टी लावून बसलेला. एका फेरीत सुटला तर नशीब. काही जण त्या बाकावर जेवत, डुलक्या काढत, शेजारच्याची सोयरीक जुळवत.

त्या बाकाचा शार्दूलला मनस्वी तिटकारा. त्या तिटकाऱ्यातूनच त्याने स्वतःची पद्धत काढली होती. पेशंटचं वय, गाठ कुठे आहे, किती जुनी आहे, तुकडा तपासून तिचा कोणता प्रकार निघाला, आधी कुणी हात घातला होता का, असं सगळं तो संगणकात भरायचा. लपलेली मुळं कुठवर गेली असतील ते संगणक सांगायचा. मग शार्दूल तिथे जांभळ्या शाईची रेषा काढायचा आणि रेषेवरून सुरी फिरवायचा. एकदाच. प्रयोगशाळेचा अहवाल दरवेळी तोच यायचा: काठ स्वच्छ.

“म्हणजे न दिसणारं तुला दिसतं,” सर म्हणाले.

“मला नाही, सर. गणिताला दिसतं.”

हा विनय त्याने खास या भेटीसाठी आणला होता. अंगावर तो काही बसत नव्हता.

“पहिल्या दिवसापासून हे गणित असंच?”

“नाही. सुरुवातीला एक-दोनदा रोग काठाच्या फार जवळ आला होता. निसटलो थोडक्यात. मग गणित सुधारलं.”

“कसं?”

“रेषा थोडी बाहेर नेली.”

“पुन्हा जवळ आला तेव्हा?”

“पुन्हा सुधारलं.”

“कुठल्या बाजूला?”

“बाहेरच, सर.”

“हं... आणि आत कधी घेतलीस?”

शार्दूल हसला. “आत घ्यायची वेळच आली नाही. काठ स्वच्छ असताना रेषा आत कशाला घेऊ?”

खिडकीबाहेर रिक्षावाल्यांचं कसलंसं भांडण चाललं होतं, सर ते ऐकत बसले. शार्दूलला वाटलं, म्हातारा दिपला. सर दिपले की गप्प होतात असं त्याने स्वतःशीच ठरवून टाकलं.

“चल,” सर उठले. “एक पेशंट आहे. तुझी रेषा काढून दाखव.”

अनुसयाक्का मगदूम ऑपरेशनच्या टेबलावर मांडी घालून बसल्या होत्या. झोपा म्हणून सिस्टर विनवून थकली होती.

तासगावकडच्या एका गावच्या या माजी सरपंच. वय सत्तरीच्या घरात. नऊवारी, डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तळ्यातला गाळ काढायचा म्हणून अख्खा उन्हाळा त्या काठावर उभ्या राहिल्या होत्या आणि यंत्र बंद पाडायला आलेल्या पुढाऱ्याला त्यांनी त्याच गाळातून चालत परत पाठवला होता. नाकावर माशी बसू न देणारी बाई. आता त्याच नाकावर जखम होऊन बसली होती, आणि ती उठायला तयार नव्हती.

डाव्या नाकपुडीच्या कडेला, नथीच्या भोकाशेजारी. नथीचं टोचलं असेल म्हणून आधी हळद लावली. मग जावेने दिलेला मलम. मग नथच काढून डब्यात ठेवली. तरी जखम भरेना, तेव्हा थोरल्या मुलाने इथे आणलं आणि तुकडा तपासल्यावर काय ते कळलं.

“आक्का,” सर म्हणाले, “हा शार्दूल. माझा विद्यार्थी. असा हात असलेला पोरगा माझ्याकडे पुन्हा आला नाही.”

शार्दूलने चमकून पाहिलं. त्याच्या तोंडावर सरांनी आजवर ‘बरं आहे’ याच्यापुढे मजल मारली नव्हती. ऑपरेशनच्या खोलीत छाती फुगवायला फारशी जागा नसते. पण फुगली.

“आसं व्हय,” आक्का म्हणाल्या. “मग बघा की डाक्टर. लई लांबनं आलाय म्हनं.”

शार्दूलने बघितलं. बोटांनी चाचपलं, भिंगातून न्याहाळलं, कातडी ताणून प्रकाश तिरका पाडला. माहिती संगणकात भरली. रेषा किती दूर ठेवायची त्याचा आकडा आला. त्याने जांभळं पेन उघडलं आणि एका झोकात रेषा ओढली. हात असा फिरला की बघत राहावं. सिस्टर बघतच राहिली.

रेषा जखमेभोवती फिरली, वर नाकाच्या उतारावर गेली, गालाकडच्या घळीत उतरली आणि ओठाच्या वर येऊन मिळाली. डावी नाकपुडी कडेसकट रेषेच्या आत आली.

“आरसा द्या जरा,” आक्का म्हणाल्या.

सिस्टरने सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली.

आक्कांनी आरसा हातात धरला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

“ह्ये एवढं समदं जानार?”

“हो आक्का. पण नंतर कपाळाची कातडी आणि कानाची कूर्चा घेऊन नवी नाकपुडी करता येते. चांगली होते.”

“हुईल की. पर ती नवी हुईल.”

“रोग मागे राहायला नको ना?”

“नगंच. कापायला मी भ्यालेली न्हाई, डाक्टर. खाली मान घालून मी गावात कवाच चालले न्हाई आन् नाक गेलं तरी चालायची न्हाई. येवढंच इचारते... ह्या रेघंच्या आत समदा रोगच हाय का?”

प्रश्न सरळ होता. शार्दूलने तोंड उघडलं आणि त्याला जाणवलं की उत्तर तितकं सरळ नाही.

“असू शकतो,” तो म्हणाला.

“असू शकतो...” आक्कांनी आरसा पालथा करून मांडीवर ठेवला. मान मात्र तशीच ताठ.

“पाच मिनिटं बसा, आक्का,” सर म्हणाले. आणि शार्दूलला, “तुझी ती पेटी घेऊन ये.”

शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शक होता. दोन जणांनी समोरासमोर बसून एकच काच एकदम पाहायची, असा. याच्यावरच शार्दूलने निरोगी कातडी आणि रोगट कातडी यातला फरक शिकून घेतला होता.

“कुठली दाखवतोस?”

“कुठलीही काढा, सर. सगळ्या सारख्याच आहेत.”

हे तो अभिमानाने म्हणाला. सरांनी न बघता एक काच उचलली आणि भिंगाखाली सरकवली.

“हे कोण?”

“लातूरचे एक शिक्षक. खालच्या पापणीजवळची गाठ.”

दोघं आपापल्या नळ्यांना डोळे लावून बसले. सरांनी काठापासून सुरुवात केली.

“काय दिसतं?”

“काठ. स्वच्छ.”

सरांनी काच किंचित सरकवली. “आता?”

“स्वच्छ.”

“आता?”

“स्वच्छच आहे, सर.”

काच सरकत राहिली. गुलाबी, टवटवीत कातडी. केसांची मुळं जागच्या जागी, घामाच्या ग्रंथी जागच्या जागी, बारीक रक्तवाहिन्या जागच्या जागी. सरांना घाई नव्हती. शार्दूलला आधी बरं वाटलं, मग जरा लांबण लागल्यासारखं वाटलं. कितीतरी वेळाने एका कोपऱ्यात जांभळट पेशींचा छोटासा झुबका आला. तो रोग. सरांनी तो पाहिला न पाहिला आणि काच पुन्हा मागे, त्या गुलाबी भागावर आणून थांबवली.

“हे सगळं निरोगी आहे ना?”

“पूर्ण निरोगी. एक पेशी वावगी सापडायची नाही, सर. पैजेवर सांगतो.”

“हं...”

सरांनी भिंग थोडं फिरवून चित्र आणखी नेमकं केलं.

“मग हे इथे काय करतंय?”

शार्दूलचा डोळा नळीलाच चिकटून राहिला.

खोलीत चकत्या गोठवायच्या यंत्राची घरघर चालू होती. ती एकदम मोठी ऐकू यायला लागली.

ते गृहस्थ त्याला आठवले. टाके काढायला आले तेव्हा म्हणाले होते की डॉक्टर, झोपेत हा डोळा पुरता मिटत नाही, ओला रुमाल घालून झोपतो. शार्दूल म्हणाला होता, गुरुजी, रोग गेला हे महत्त्वाचं. त्यांनी दोन्ही हात जोडले होते. ते हात त्याने आपल्या यशाच्या खात्यात टाकले आणि तो पुढच्या पेशंटकडे वळला.

त्याला आधी राग आला. राग येणं साहजिक होतं. इतक्या लांबून यायचं, इतकं मोठं काम दाखवायचं, आणि म्हाताऱ्याने शंभरातली एक काच काढून असं विचारायचं.

“आणि रोग राहिला असता तर, सर?”

“तर वाईट झालं असतं.”

“मग?”

सरांनी ती काच काढली, दुसरी लावली.

पुन्हा काठ. पुन्हा गुलाबी. पुन्हा सरांचं बोट हळूहळू, हळूहळू...

“पुरे, सर.”

सरांनी हात काढून घेतला.

“माझं गणित खोटं आहे म्हणता?”

“मी कुठे म्हणालो?” सर उठले. “आक्का थांबल्यात.”

शार्दूल संगणकासमोर बसला.

त्याने आपल्या सुधारणा एकेक करून काढायला घेतल्या. पुण्याच्या पहिल्या वर्षी घातलेली एक. कुणा मोठ्या माणसाच्या ओठावर सुरी चालवायची होती, त्याच्या आदल्या दिवशी घातलेली एक. एक तर त्याच्या कामाला पुरस्कार जाहीर झाल्यानंतरची, म्हणजे आता चुकून चालणारच नव्हतं तेव्हाची. प्रत्येक सुधारणेला त्याच्याजवळ शास्त्रीय कारण होतं आणि प्रत्येकीने रेषा बाहेरच नेली होती. यातली प्रत्येक वेळ भीतीची होती हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं. तो तिला काळजी म्हणत आला होता. आणि रेषा इतकी बाहेर गेल्यावर गणित चुकणार तरी कुठे होतं?

सगळं काढल्यावर मूळ गणित उरलं. ते त्याने किती दिवसांत पाहिलंच नव्हतं. त्याने आक्कांची माहिती पुन्हा भरली.

आकडा लहान आला.

इतक्या लहान आकड्यावर सुरी धरायची म्हणजे... चुकलो तर सरांसमोर चुकणार. ज्यांनी आत्ताच, सगळ्यांदेखत, ‘असा हात’ म्हटलं त्यांच्यासमोर.

तो आत गेला. स्पिरिटचा बोळा घेऊन त्याने आक्कांच्या नाकावरची रेषा पुसली.

“पुसलं का वो?”

“पुन्हा काढतो, आक्का.”

नवी रेषा त्या झोकात नाही निघाली. थांबत थांबत निघाली. एकदा त्याने पेन उचललं, भिंगातून बघितलं, पुन्हा टेकवलं. रेषा जखमेच्या जवळून गेली. गालाकडे थोडी ऐसपैस, कारण गणित तसं म्हणत होतं. आणि नाकपुडीची कड... कड बाहेर राहिली. अगदी थोडक्यात, पण बाहेर.

“आक्का, एका वेळेत होईलच असं नाही. मध्ये बाहेर बाकावर बसावं लागेल. कदाचित पुन्हा आत यावं लागेल.”

“बसते की. तहसीलदाराच्या दारात बसबसून पाय घट्ट झाल्यात माझं.”

त्या आता आपण होऊन आडव्या झाल्या.

भूल दिली. शार्दूलने सुरी उचलली. सर मागे हात बांधून उभे होते.

चकती निघाली. पातळ, अखंड, काठाला कुठे चिरफळी नाही. काही झालं तरी हात तो हातच होता. बाजू ओळखू याव्यात म्हणून काठांना रंग लावले, चकती गोठवायला गेली आणि आक्का पट्टी बांधून बाहेर बाकावर जाऊन बसल्या. थोड्याच वेळात तिथून त्यांचा आवाज यायला लागला. शेजारच्या म्हाताऱ्याला त्या त्याच्या गावच्या पाणीपुरवठ्याबद्दल फैलावर घेत होत्या.

काचा आल्या. शार्दूल नळीला डोळा लावून बसला. समोर सर बसले.

नाकपुडीच्या कडेकडचा काठ... स्वच्छ.

नाकाच्या उताराकडचा... स्वच्छ.

तळ... स्वच्छ.

त्याचा जीव भांड्यात पडायला आला. मूळ गणित, नुसतं उघडं गणित, तेही बरोबर! लहान रेषा, एकच फेरी, सरांच्या देखत! हैदराबादच्या सभागृहातल्या टाळ्या त्याला ऐकूही यायला लागल्या. त्याने शेवटची काच सरकवली.

गालाकडच्या घळीचा काठ.

आणि तिथे, रंगाला टेकून, पाच-सहा जांभळट पेशींची एक बारीक ओळ उभी होती.

त्याने भिंग बदलून पुन्हा पाहिलं.

“सर...”

“हं?”

“आहे.”

“कुठे?”

“गालाकडे. काठालाच.”

सरांनी पाहिलं. “आहे,” ते म्हणाले.

“गणित... चुकलं, सर.”

हा शब्द उच्चारायला त्याला त्रास झाला. कान तापले. सकाळी ताठ मानेने बसलेला माणूस आता स्टुलावर वाकून बसला होता. राहवलं नाही म्हणून तो पुढे म्हणाला, “मोठी रेषा असती तर हे एका फेरीत निघून गेलं असतं.”

“गेलं असतं.”

सरांनी एवढंच म्हटलं आणि आधीची, नाकपुडीच्या कडेची काच पुन्हा भिंगाखाली ठेवली. स्वच्छ. शार्दूलने ती पाहिली. मग त्याने मान वर केली आणि सरांचा चेहरा त्याला दिसला.

त्या चेहऱ्यावर अभिमान होता. उघड, लख्ख अभिमान. सकाळी ‘असा हात’ म्हणताना होता त्याच्याहून कितीतरी जास्त. शार्दूलला त्याचा अर्थ लागेना. चुकल्याबद्दल शिव्या खायची त्याची तयारी होती, याची नव्हती.

“बघत काय बसलास?” सर म्हणाले. “किती राहिलंय, कुठे राहिलंय, तुला नेमकं माहीत आहे. जा.”

तो गेला. आक्कांना आत घेतलं. गालाच्या घळीतून नखाच्या तुकड्याएवढी एक फाक त्याने काढली, तेवढीच. ती गोठली, काचेवर आली. यावेळी शार्दूलने ती काठापासून शेवटापर्यंत आणि पुन्हा उलट पाहिली.

स्वच्छ.

टाके घातल्यावर आक्कांनी पुन्हा आरसा मागितला. पट्टीखालून जेवढं दिसत होतं तेवढं पाहिलं. मग एक बोट हळूच नाकपुडीच्या कडेवरून फिरवलं.

“कड हाय की वो!”

“आहे,” शार्दूल म्हणाला. “भोक मात्र गेलं, आक्का. ते वाचवता आलं नाही.”

“आवं भोक काय, सोनार परत पाडंल!” त्यांनी आरसा सिस्टरच्या हातात दिला, पदर सारखा केला आणि सरांकडे वळल्या. “पोरगं चांगलं हाय तुमचं, डाक्टर.”

“आहेच,” सर म्हणाले.

आक्का मुलाचा हात न धरता जिना उतरून गेल्या.

दुपार कलली होती. सरांच्या खोलीत चहा आला. शार्दूल खुर्चीत बसला होता, पण सकाळसारखा नाही. त्याला हलकं वाटत होतं आणि वाईटही वाटत होतं. शिवाय आत कुठेतरी एक नवाच ताठा जागा होत होता. त्याचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

संगणक उघडाच होता. पडद्यावर परिषदेसाठी केलेला आलेख होता. एक सरळ रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठे खळगा नाही.

“सर, एक विचारू?”

“विचार.”

“आजची केस यात धरू की नको? ही धरली तर सगळा आलेख मोडतो.”

सरांनी चहा बशीत ओतला. फुंकर घातली. एक घोट घेतला...

“ही एवढीच धर,” ते म्हणाले. “बाकीच्या सोड.”